शिकलेली अळी

डिसेंबरात मामांकडे गेले होते. वर्धा जिल्ह्यातलं गाव, काळी जमीन, कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एखादी ओळ. उन्हं वर यायच्या आत शेतात पोचलो तेव्हा तूर दवाने निथळत होती, धुऱ्यावरच्या गवताने चपला ओल्या झाल्या होत्या आणि कपाशी लांबून तरी गुणी दिसत होती. पानं तांबूस पडलेली, खालची बोंडं फुटून पांढरी, वरची अजून हिरवी. मामांनी त्यातलं एक हिरवं, टणक बोंड तोडलं, शिवणीवर अंगठा रोवून फोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून त्या बोंडाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आत एका कप्प्यातला कापूस ओला, पिवळट, चिकटलेला. सरकीभोवती भुसा साचलेला, आणि त्या भुशात अर्ध्या इंचाहूनही छोटी एक अळी. अंगावर गुलाबी पट्टे, डोकं गडद तपकिरी. उजेड लागला तशी ती सावकाश वळली आणि पुन्हा सरकीत तोंड खुपसायला लागली.

"हे पाह्य," मामा म्हणाले. "आपण बीटी लावून निवांत, अन् हे आत बसून जेवून राह्यली. पहिले मरत होती. आता शिकली ना थे. जनावर झालं म्हणून काय, डोकं असतेच त्याले."

मामा म्हणत होते ती बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. मी काही बोलले नाही. पुण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते, उत्क्रांतीचा धडा झोपेतही घेऊ शकेन. पण किडक्या बोंडांच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला नैसर्गिक निवडीवर व्याख्यान द्यायचं नसतं, एवढी समज त्याच नोकरीने दिली आहे. ते वाक्य मात्र परतीच्या प्रवासात रात्रभर सोबत होतं. कारण थोड्याफार फरकाने तेच वाक्य मी दर वर्षी उत्तरपत्रिकांमध्ये तपासते. 'कीटकांनी कीटकनाशकाशी जुळवून घेण्यासाठी स्वतःमध्ये बदल घडवून आणले.' 'गरज पडल्यामुळे जिराफाची मान लांब झाली.' हुशार मुलं लिहितात, पाठांतर चोख असलेली मुलं लिहितात. डार्विनचं नाव, सन, जहाजाचं नाव सगळं बरोबर, आणि पुढच्याच ओळीत कुणीतरी प्राणी मनावर घेऊन स्वतःला सुधारतो. त्यांचं चूक आहे हे लाल पेनाने लिहिणं सोपं. पण असं का वाटतं, हा प्रश्न उरतोच. आपण जे काही बदलताना पाहतो ते बहुतेक शिकून बदलतं. मूल चटका बसला की तव्याला हात लावत नाही, बैल वाट शिकतो, मांजर दुधाच्या पातेल्याची वेळ शिकतं. मग अळीनेच काय घोडं मारलंय?

पण शिकायला जिवंत राहावं लागतं. विष खाऊन जी अळी मेली तिला धडा मिळाला असेलही, तो घेऊन ती जाणार कुठे?

मामांचा बीटीवर राग नाही, हे आधी सांगायला हवं. नव्वदच्या दशकातली कपाशी मला सुट्ट्यांमधली आठवते. तेव्हाची वैरीण वेगळी होती, हिरवी, जिला सगळे अमेरिकन बोंडअळी म्हणायचे. फवारणीच्या दिवसांत मामांच्या शर्टाला येणारा तो उग्र, गोडसर, मळमळ आणणारा वास, अंगणात पालथे घातलेले पंप, डब्याला हात लावला म्हणून मामीने पाठीत घातलेला धपाटा. फवारून फवारून माणसं थकायची आणि अळ्या राहायच्याच. मग बायका-पोरं हाताने अळ्या वेचायची. मार्च २००२मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली आणि दोन-चार वर्षांत तो वास घरातून जवळजवळ गेला. २००६मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, ज्याला गावात सगळे 'बीजी टू' म्हणतात. त्या काळात मामांनी घराचा पुढचा भाग पक्का बांधला. म्हणून कुणी शहरी माणूस बीटीला सरसकट शिव्या घालायला लागला की मामा ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

गुलाबी अळी आपल्याकडची जुनीच. १८४२ साली भरूचच्या कापसावर ती सापडली आणि पुढच्या वर्षी एका इंग्रज कीटकतज्ज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिलं. बीटी आल्यावर तीही निमूट मरू लागली. मग २०१०च्या मार्चमध्ये बियाण्याचं तंत्रज्ञान आणणाऱ्या कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या भागांत पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नाही. २०१५च्या सुमारास गुजरातेतच दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली. २०१७मध्ये ती विदर्भ-मराठवाड्यात इतक्या संख्येने उतरली की लोकांनी उभ्या कपाशीत नांगर घातला. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर मेले. माळ्यावर गेलेले पंप खाली उतरले होते.

आता अळीच्या पोटात काय होतं ते जरा जवळून बघू, कारण सगळं नाट्य तिथेच आहे. बीटी हा मातीतला जिवाणू. १९०१मध्ये जपानात मरू लागलेल्या रेशीमकिड्यांत सापडला, १९११मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या अळीत पुन्हा सापडला आणि त्या प्रांताचं नाव लावून बसला. हा जिवाणू एक प्रथिन बनवतो. तेच बनवण्याचं जनुक कपाशीत घातलं म्हणजे झाली बीटी कपाशी. ते प्रथिन आपल्या पोटात गेलं तर आम्लात पडतं आणि डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. अळीच्या पोटातला रस अल्कधर्मी असतो. तिथे ते विरघळतं, तिचीच पाचकद्रव्यं त्याला कापतात, आणि उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या एका प्रथिनाला जाऊन अडकतो. या प्रथिनाचं नाव कॅडहेरिन. त्याला खुंटी म्हणू. विष खुंटीला अडकलं की पुढे पेशीला भोकं पडतात, आतडं फाटतं, अळी खाणं थांबवते आणि मरते. खुंटी नसेल तर विष समोरून येतं, अडकायला जागा मिळत नाही, आणि विष्ठेबरोबर निघून जातं.

काही अळ्यांची खुंटी मोडकी होती. एवढंच.

मोडकी कशी? जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर, आणि पेशी दुभंगताना त्याची नक्कल होते. नक्कल करणारी यंत्रणा विलक्षण काटेकोर आहे, पण मजकूर अफाट. कुठे एखादं अक्षर बदलतं, कुठे तुकडा गळतो, कुठे दुसरीकडचा तुकडा येऊन घुसतो. यालाच उत्परिवर्तन म्हणायचं, किंवा वर्गात सगळेच म्हणतात तसं म्युटेशन. सिनेमांनी या शब्दाची अशी काही वाट लावली आहे की मुलांना वाटतं, म्युटेशन झालं म्हणजे हिरवी कातडी तरी यायला हवी. प्रत्यक्षात आपल्यातलं प्रत्येक मूल आईवडिलांपैकी कुणाकडेच नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल घेऊन जन्माला येतं. बहुतेक बापाकडून आलेले, आणि बापाचं वय जास्त तर बदलही जास्त. त्यांतले जवळजवळ सगळे कुठेच काही करत नाहीत. बारशाला बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर हिरिरीने भांडणाऱ्या आत्यांना कुणी सांगावं, की या पोराच्या मजकुरातल्या काही जागा तुमच्याही घराण्यातल्या नाहीत आणि त्यांच्याही.

भारतातल्या तग धरलेल्या गुलाबी अळ्यांची कॅडहेरिनची जनुकं अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी तपासली. २०१४मध्ये निष्कर्ष छापून आले. बिघडलेल्या जनुकाच्या ८ वेगवेगळ्या आवृत्त्या सापडल्या, आणि ॲरिझोनातल्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांमध्ये आधी सापडलेल्या आवृत्त्यांशी त्यांतली एकही जुळत नव्हती. मला हा तपशील वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आपण उत्क्रांती म्हटलं की काहीतरी नवं, सरस, वरच्या पायरीचं घडलं असं समजतो. पाठ्यपुस्तकातलं ते माकडापासून ताठ माणसापर्यंतचं चित्र डोक्यातून जाता जात नाही. इथे अळीने काही कमावलेलं नाही. तिचं काहीतरी बिघडलेलं आहे. चांगली घडलेली वस्तू घडवायची रीत एखादीच असते, मोडायच्या रीती पुष्कळ. म्हणून मोडकी खुंटी वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांचा पत्ता नसताना, पुन्हा पुन्हा जन्माला येते. एरवी असा बिघाड अळीला जडच जात असावा. प्रयोगशाळेत बिनविषारी अन्नावर वाढवल्यावर मोडक्या खुंटीच्या अळ्या पुष्कळदा निरोगी बहिणींच्या मागे पडतात. पण सगळ्या शिवारात एकच विष पसरलं, आणि कालचं व्यंग आज जीव वाचवणारं झालं.

हा बिघाड विषामुळे झाला की आधीच होता? मामा आणि माझी बारावीची मुलं एका बाजूला, उत्क्रांती दुसऱ्या बाजूला, ती नेमकी याच प्रश्नावर. याचं उत्तर १९४३ साली मिळालं, तेही जिवाणूंवर. साल्वादोर लुरिया हा इटलीतून निसटून अमेरिकेत आलेला ज्यू डॉक्टर, मॅक्स डेलब्रुक हा जर्मनी सोडून आलेला भौतिकशास्त्रज्ञ. जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडला की बहुतेक मरतात, थोडे उरतात. हे उरलेले विषाणू अंगावर आल्यावर बदलले, की आधीच बदललेले होते? लुरियाला युक्ती सुचली ती एका क्लबातल्या नाचाच्या संध्याकाळी. त्याचा एक सहकारी नाणी टाकायच्या जुगाराच्या यंत्रावर खेळत होता. बराच वेळ हरला आणि एकदम घबाड लागलं. लुरियाच्या डोक्यात प्रकाश पडला. जिवाणू अनेक वेगळ्या नळ्यांत वाढवायचे आणि शेवटी सगळ्यांवर विषाणू सोडायचा. विषाणू पाहून जिवाणू बदलत असतील, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच उरतील. बदल आधीच, कुठेही, कधीही होत असतील, तर बहुतेक नळ्यांत नगण्य उरतील आणि ज्या नळीत तो बदल लवकर झाला असेल तिच्यात लेकरा-नातवंडांसकट घबाड लागेल. घबाडं लागली. पुढे १९५२मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोने मखमलीचा तुकडा जिवाणूंच्या थाळीवर दाबून त्याचे ठसे दुसऱ्या थाळ्यांवर उमटवले आणि दाखवून दिलं की औषध कधी न पाहिलेल्या थाळीतही त्याला दाद न देणारे जिवाणू त्याच त्या जागी बसलेले असतात. नोबेल जोशुआला मिळालं, एस्थरला नाही. हा तपशील अभ्यासक्रमात नाही. मी तो सांगतेच.

म्हणजे २००२च्या आधी, बीटीचं एकही पाकीट विदर्भात फुटलेलं नसताना, मोडक्या खुंटीच्या एखाद-दोन अळ्या कुठल्यातरी बोंडात बसलेल्या असू शकतात. कुणाला पत्ता नव्हता. त्यांनाही नव्हता.

इथवर निसर्गाचं झालं. पण त्या एखाद-दोन अळ्यांच्या कोटी कशा झाल्या, हा हिशेब निसर्गाने एकट्याने केलेला नाही, आणि मला बोलायचंय ते त्याबद्दल. अळीलाही प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक जरी प्रत धड असली तरी खुंटी तयार होते आणि विष लागू पडतं. वाचायला दोन्ही प्रती मोडक्या लागतात. समजा मोडकी प्रत हजारात एक आहे. तर दोन्ही मोडक्या असलेली अळी दहा लाखांत एक. सगळ्या शिवारात बीटीच बीटी असेल तर ती दहा लाखांतली एकच जगते, आणि पतंग होऊन उडते तेव्हा जोडीदार म्हणून तिला तिच्यासारखाच वाचलेला भेटतो, कारण दुसरा कुणी जिवंतच नसतो. त्यांची सगळी पोरं दोन्ही प्रती मोडक्या घेऊन येतात. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते, एक पिढी महिन्याभरात उरकते. आता शेजारी थोडी साधी, बिनबीटीची कपाशी असती तर? तिच्यातून धडधाकट खुंटीचे हजारो पतंग उडाले असते. दहा लाखांतल्या त्या एकाची गाठ जवळजवळ नक्की त्यांच्यातल्याच कुणाशी पडली असती. पोरांना एक प्रत मोडकी, एक धड. धड प्रतीने खुंटी केली असती आणि बीटीने पोरं मारली असती. अळी मारण्यासाठी अळ्या पोसायच्या, असा हा उफराटा उपाय. त्याला रेफ्युज म्हणतात.

नियमही तसाच होता. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या सरकीचं छोटं पाकीट यायचं, शेताच्या कडेने लावायला. मामांच्या घरी ती छोटी पाकिटं फडताळात पडून असायची. काहींनी ती फेकली, काहींनी नांगे भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला वापरली. शहरात बसून याला अडाणीपणा म्हणणारे मी ऐकले आहेत आणि मला त्यांचा संताप येतो. पाच एकरवाल्याला तुम्ही सांगता की एक एकर अळीला दे. कुणाची अळी, कुणाचा फायदा, किती वर्षांनी, हे त्याला कुणी नीट बसून समजावत नाही. त्या छोट्या पाकिटातली सरकी धड उगवेल याचीही खात्री नसायची, आणि ती मुख्य वाणाशी वाढीत जुळायची नाही अशा तक्रारी गावोगाव होत्या. पुढे एकाच पाकिटात पाच टक्के साधं बी मिसळून देण्याची सोय आली, पण तोवर गुलाबी अळी बोंडात शिरलेली होती.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वेगळी. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशीचे सरळ वाण लावतात. आपण संकरित लावतो, ज्याचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. या संकरित झाडात बीटीचं जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं. मेंडेलचं वाटाण्याचं गणित आठवत असेल तर पुढचं लक्षात येईल: अशा झाडाच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. एकाच बोंडात काहींत विष, काहींत नाही. आणि गुलाबी अळी पानं खात नाही, ती नेमकी सरकी खाते. तिच्या ताटात विषारी आणि बिनविषारी घास शेजारी शेजारी वाढलेले. एक प्रत मोडकी असलेल्या, एरवी मेल्या असत्या अशा अळ्यांनाही त्यामुळे तगायला वाव मिळतो. चीनमध्ये शेतकऱ्यांनी संकरिताच्या पुढच्या पिढीचं स्वस्त बी लावलं तेव्हा पाव हिस्सा झाडंच बिनबीटीची निघाली, शेतात आपोआप रेफ्युज तयार झालं आणि अळीचा वाढता प्रतिकार ओसरला. तिथे कुणी फार विचार करून हे केलेलं नव्हतं. स्वस्त पडत होतं म्हणून केलं.

ॲरिझोनात मात्र विचार करून केलं. तिथे रेफ्युज इमानाने लावलं गेलं. १९९७च्या सुमारास तिथल्या शेतांत मोडक्या प्रती चिंता वाटावी इतक्या होत्या, तरी त्या वाढल्या नाहीत. २००६पासून त्यांनी किरणोत्साराने वांझ केलेले पतंग विमानांतून शेतांवर सोडले, अब्जावधी, आणि २०१८मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीतून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आपली अमरेली-यवतमाळची आणि तिथली अळी एकाच जातीची, बीटीही तेच. त्याच काही वर्षांत तिथे ती संपली आणि इथे ती जिंकली. अळीत अक्कल असती तर दोन्हीकडे सारखीच असायला हवी होती ना? पण तिथे हजारो एकरांचे मालक, पैसा असलेल्या संघटना आणि विमानं होती, इथे धुऱ्याला धुरा लागलेली पाच-पाच एकरं. हे लिहिताना ॲरिझोनाचं कौतुकही वाटतं आणि तो दाखला कुणी मामांच्या तोंडावर मारू नये असंही वाटतं.

सगळ्यात जास्त मौज मला त्या जुन्या वैरिणीची, हिरव्या बोंडअळीची वाटते. ती बीटीपुढे आपल्याकडे अजून तशी नरमच आहे. कारण ती खादाड आहे. तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, भेंडी, जे मिळेल ते. मामांच्या कपाशीतल्या तुरीच्या ओळी, गावाबाहेरचे हरभऱ्याचे पट्टे, परसातली वांगी-टोमॅटो हे सगळं तिचं फुकटचं रेफ्युज. तिथे धडधाकट अळ्या वाढतात आणि मोडक्यांना पाण्यात मीठ विरावं तसं विरवून टाकतात. गुलाबी अळी कपाशीशी एकनिष्ठ. थोडीफार भेंडी-अंबाडी सोडली तर तिला दुसरं घर नाही. त्या एकनिष्ठेपायीच तिच्यावर बीटीचा घाला पूर्ण पडला, आणि म्हणूनच मोडक्या खुंट्या निवडून निघाल्या.

आणि तिचं एकुलतं घर आपण वर्षभर उघडं ठेवलं. पूर्वीची गावरान कपाशी संक्रांतीच्या आसपास आटपायची. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या शिरायच्या, उरलीसुरली बोंडं फस्त व्हायची, पऱ्हाटी उपटून चुलीला जायची. गुलाबी अळीला उन्हाळाभर झोपून काढावा लागायचा आणि त्यात पुष्कळ मरायच्या. संकरित बीटी लांबते. ओलित असेल तर पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढचं पीक, घेता येते, मार्च-एप्रिलपर्यंत चार पैसे सुटतात. कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं की डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका. अळी त्या ढिगातल्या वाळक्या बोंडांत, दोन सरक्या जोडून केलेल्या घरट्यात, पावसाची वाट पाहत बसते. मामीच्या चुलीमागे छतापर्यंत पऱ्हाटी रचलेली आहे. सिलिंडर आहे, पण भाकरी चुलीवरचीच लागते सगळ्यांना, मलाही.

संक्रांतीनंतर मामांचा फोन आला तेव्हा कवडीचा विषय निघाला. डागी, चिकटलेला, सरकीतून सुटत नाही असा तो कापूस, त्याला व्यापारी भाव देत नाही आणि वेचायला मजुरी दुप्पट लागते. म्हटलं, मामा, ती शिकलेली नाही. खुंटीचं सांगितलं, दहा लाखांतल्या एकीचं सांगितलं, फडताळातल्या पाकिटांचं सांगितलं. मामा मध्ये न बोलता ऐकत होते. मागे मामीची भांडी वाजत होती.

"म्हंजे म्या थे चार ओळी साध्या लावल्या असत्या तं?"

"तुम्ही एकट्याने लावून काही झालं नसतं. पतंग काही धुरा बघून उडत नाहीत. सगळ्या शिवाराने लावायला हवं होतं."

"अन् आता?"

आता जे करायचं तेही एकट्याने होत नाही, हेच सांगितलं. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावायचे, एका सापळ्यात रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले तर समजायचं की वेळ झाली. हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची, वीस बोंडांत दोन जिवंत अळ्या निघाल्या तरच फवारायचं. नराला मादी सापडू नये म्हणून झाडांना वासाच्या दोऱ्या बांधतात, त्याही एकाच्या शेतात बांधून भागत नाही. आणि वेळेत शेत मोकळं करायचं. मामांनी त्यांचं शेत तर आधीच मोकळं केलं होतं, मेंढ्याही बसवून झाल्या होत्या. शेजारच्या शेतात मात्र विहिरीचं पाणी चालू होतं, फरदड हिरवीगार उभी होती आणि तिला पुन्हा पात्या धरल्या होत्या.

"सांगून बघा ना त्यांना," मी म्हटलं.

"त्याच्या पोरीचं मे मधी लगन हाय वं," मामा म्हणाले. "त्याले कोणत्या तोंडानं सांगू, उपट म्हणून?"